सकाळी अकराची चाचणी

टेलिफोनच्या जुन्या तारेवर चालणारं डीएसएल इंटरनेट ठेवायचं की नवी केबल घ्यायची, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरात पडला असता तर चहा संपायच्या आत निकालात निघाला असता. या घरात त्याला तीन आठवडे लागले. कारण घरातला माणूस सव्वीस वर्षं लाइनमन होता आणि बाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तो खांबावर, ती स्विचबोर्डच्या फळीवर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी जिन्यातले लोक तिला ऑपरेटरबाईच म्हणत.

दोन वर्षांपूर्वी लाइनमनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही अर्धी गेली. शब्द डोक्यात शाबूत असायचे, तोंडाशी येईपर्यंत त्यांचा चुरा व्हायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, डाव्या हाताला सतत काहीतरी काम द्या. ऑपरेटरबाईने हे फोनवर मुलाच्या कानावर घातलं आणि विसरून गेली. महिन्याभराने दारात एक खोकं आलं. आत टेबलाला आवळून बसवायचं गाडीचं स्टिअरिंग होतं, खेळातलं. सोबत चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठी नसणारच. बापलेक अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. बापाने खटपट करून मुलाला टेलिफोन खात्यात चिकटवलं होतं. तीन महिन्यांत तो खांबावरून खाली उतरला आणि म्हणाला, "तारा जोडण्यात मला जन्म काढायचा नाही." मग परदेशी गेला. तिथून फोन करायचा, पण लाइनमनची एक वाईट खोड होती. बोलणं मनाविरुद्ध जायला लागलं की तो मध्येच फोन ठेवून द्यायचा. समोरचा बोलत राहायचा आणि हा इकडे चपला घालून बाहेर. शेवटचं भांडणही असंच संपलं, म्हणजे संपलंच नाही.

त्यानंतर मुलाचा फोन आला की ती सांगायची, "बाबा आंघोळीला गेलेत." नाहीतर, "त्यांचा घसा बसलाय रे. पण तुझी चौकशी करत होते." आणि इकडे नवऱ्याला म्हणायची, "त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय." यातलं काहीच खरं नव्हतं. दोन टोकं जोडायची हे तिचं कामच होतं. टोकावरचा माणूस तोंड उघडत नसेल तर त्याच्या वतीने आपणच बोलायचं, हे मात्र खात्याने सांगितलेलं नव्हतं. ते तिने आपणहून अंगावर घेतलं.

तर ते स्टिअरिंग. मुलाने फोनवर सांगितलं तसं तिने ते जोडून घेतलं. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता पडद्यावर शर्यत सुरू व्हायची. दोघादोघांच्या जोड्या असत. लाइनमनची गाडी निळी, मुलाची पिवळी. बोलायची सोय होती, पण दोघांनीही आपापला माइक बंद ठेवलेला. ती शेजारी स्टूल टाकून बसायची. तिला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं दिसायचं की अवघड वळणावर निळी मागे पडली की पिवळी जराशी हळू होते आणि मागच्या गाड्या अंगावर घेते. आठ रविवार हे चाललं. आठवडाभर उशीत तोंड खुपसून पडून राहणारा माणूस रविवारी दुपारीच दाढीसाठी हनुवटी पुढे करायला लागला. तिला आणखी काही नको होतं.

नवव्या रविवारी खेळच उघडला नाही. त्याची नवी आवृत्ती आली होती, ती उतरवून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. डीएसएलवर ते काम गोगलगायीच्या चालीने पाच दिवस चाललं. मुलाने तिला विचारलं, "रविवारी काय झालं?" तिने खरं ते सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. ते "बरं" तिला पटलेल्या माणसाचं वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने केबलवाल्याला बोलावलं. पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड खोचलेली असायची म्हणून गल्लीत त्याला पक्कडच म्हणत. त्यानेही ते नाव मनाला लावून घेतलं नव्हतं.

"काकू, डीएसएल म्हणजे बैलगाडी," तो म्हणाला. "पाच दिवसांचं काम आमच्या केबलवर तासाभरात."

"बैलगाडी वेळेवर पोचते पण. गेममध्ये पिंग लागतं म्हणतात, त्याचं काय?"

पक्कडने भुवया वर केल्या. "काकू, तुम्हाला पिंग माहीत आहे?"

"हाक मारल्यापासून ओ येईपर्यंतचा वेळ. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं, एवढंच."

"मग तुम्हीच तपासा. आठ दिवस चालवून बघा, पटलं तर ठेवा."

खुर्चीतून लाइनमनने घशातून आवाज काढला. डाव्या हाताचं एक बोट वर केलं, मग भिंतीकडे दाखवलं. "एक... घर... एक..." पुढचा शब्द निघेना.

"एका घराला एक तार, माहितीये मला," ती म्हणाली. "तुमच्या तांब्याच्या तारेचं कौतुक पुरे आता. पाच दिवस लागले तिला."

त्याने बोट खाली घेतलं नाही. ती मात्र वळून पक्कडला चहा विचारायला लागली. माहेरच्या माणसांची बाजू घ्यावी तशी हा माणूस आयुष्यभर तारेची बाजू घेत आला, असं तिला वाटलं. जाणकाराच्या तक्रारीला हट्ट समजलं की पुढचं ऐकायला नको.

मग तिने चाचणी घेतली, तीही खात्यातल्या शिस्तीने. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासायची वेळ ठरलेली असे, सकाळी अकरा. सकाळची गर्दी ओसरलेली, दुपारची अजून सुरू व्हायची. शांततेत तारेतली बारीकशी खरखरही कानाला लागायची. पाच दिवस रोज अकराच्या ठोक्याला तिने दोन्ही लाइनी तपासल्या आणि वेगाचे आणि पिंगचे आकडे जुन्या डायरीत मांडले. केबल पाचही दिवस सरस निघाली. शंकेला जागाच उरली नाही. शुक्रवारी ती टेलिफोनच्या कार्यालयात गेली आणि जुनी लाइन बंद करायच्या अर्जावर सही करून आली. चाळीस वर्षांची तार. सही करायला चार सेकंद लागले असतील.

रविवारी सहाला शर्यत सुरू झाली. पहिली दोन वळणं लोण्यासारखी गेली. लाइनमनने तिच्याकडे बघून मानही हलवली. आणि मग निळी गाडी जागच्या जागी थरथरायला लागली, उडी मारून पुढे गेली, परत मागे आली. पिवळी हळू झाली. अचानक स्पीकरमध्ये खरखर झाली, कुणीतरी बोलल्यासारखी, आणि पडदा थिजला. लाइनमन स्टिअरिंग गरगर फिरवत राहिला. पडद्यावरचं काही हललं नाही.

ती तशीच जिना उतरून पक्कडकडे गेली.

"संध्याकाळ आहे ना काकू," तो ओशाळून म्हणाला. "रविवार. तुमची आख्खी बिल्डिंग एकाच केबलवर आहे. सगळे आत्ताच सिनेमे बघत बसलेत. एका नळाला वीस बादल्या लावल्यावर धार कुठून येणार?"

"सकाळी अकराला तर..."

"सकाळी अकराला घरी असतं कोण?"

ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. टेलिफोनची तार दर घराची वेगळी, थेट एक्स्चेंजपर्यंत. तिला सकाळही तीच आणि संध्याकाळही तीच, म्हणून अकराची चाचणी दिवसभराला पुरायची. केबल सगळ्यांची मिळून. एकतीस वर्षांची शिस्त तिने जिथे लागू पडत नाही तिथे वापरली होती, आणि एक बोट वर करून बसलेल्या माणसाला गप्प केलं होतं.

घरी येऊन तिने मुलाला फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला.

"अरे, नेट गेलं आमचं. केबल नवीन घेतली ना, तिच्यावर संध्याकाळी..."

"आई, राहू दे."

"राहू दे काय? त्यांनी नाही सोडला खेळ."

"माझ्या पडद्यावर स्पष्ट लिहून आलं. जोडीदार खेळ सोडून गेला. आज मी आवाज चालू केला होता. म्हटलं, बाबा, पुढच्या महिन्यात येऊ का घरी? विचारलं, आणि पाच सेकंदांत ते निघून गेले. फोन ठेवायचे तसेच."

ती दाराजवळच्या चपलांच्या फळीवर बसली.

"ऐकूच आलं नाही रे आम्हाला. नुसती खरखर झाली. देवाशपथ."

"घसा बसलाय, आंघोळीला गेलेत, आता नेट गेलं. अकरा वर्षं तू हेच करतेस आई. तुझा दोष नाही. पण मी आता चाळिशीला आलो."

लांडगा आला रे आला ओरडणाऱ्याची गोष्ट तिनेच त्याला लहानपणी भरवताना सांगितली असेल. "थांब, त्यांच्याकडे देते," असं म्हणत ती धडपडत आतल्या खोलीत गेली आणि मोबाइल लाइनमनच्या डाव्या हातात दिला. "बोला. त्याला घरी यायचंय. ये म्हणा. एक अक्षर आहे."

त्याने मोबाइल कानाला लावला. ओठ हलले, मानेची शीर फुगली. खूप वेळाने आवाज निघाला, फाटलेला, पण ओळखू येईल असा. "ये." मग पुन्हा, जरा मोठ्याने. "ये."

तिने वाकून पाहिलं. पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता. मेलेली लाइन ओळखायला त्याला एरवी क्षण पुरायचा. त्या दिवशी तो बराच वेळ मोबाइल कानाशी धरून बसला.

सोमवारी ती टेलिफोनच्या कार्यालयात गेली. खिडकीवरच्या बाईने अर्ज शोधला, उलटा-सुलटा केला. "सोडलेली लाइन परत मिळत नाही हो. तांब्याच्या नव्या जोडण्या बंद केल्यात. तुम्ही खात्यातल्याच ना? मग तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "असायला हवं होतं."

पक्कड मात्र भला निघाला. तीन दिवस गच्चीवर खपून त्याने तिची लाइन मागच्या गल्लीतल्या केबलच्या कमी गर्दीच्या पेटीवर नेली. तिने त्याच्याकडून चिठ्ठीही लिहून घेतली. रविवारी सहा वाजून अकरा मिनिटांनी लाइन बंद पडली, कारण जादा भार, खाली सही. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक बिघाडाची अशी चिठ्ठी असायची आणि चिठ्ठी असली की कुणी वाद घालत नसे. तिने त्या चिठ्ठीचा फोटो मुलाला पाठवला, खाली लिहिलं, "बाबा त्या दिवशी दोनदा ये म्हणाले." उत्तर आलं, "आई, आता पुरे." आपणही मुलाच्या जागी असतो तर सही केबलवाल्याचीच आहे कशावरून, असंच म्हटलं असतं, हे तिला मनोमन पटलं.

पुढच्या रविवारी लाइनमनने दाढी करून घेतली. या वेळी तिने संध्याकाळी साडेपाचला लाइन तपासली. हाक मारताच ओ येत होती. सहा वाजले. निळी गाडी रेषेवर उभी राहिली. शेजारची जागा रिकामी. सव्वासहा झाले. लाइनमनने तिच्याकडे पाहिलं.

तिला सांगायचं होतं की तो येणार नाही. जिभेवर भलतंच आलं. "लाइन खराब आहे आज," ती म्हणाली. "उद्या बोलावते पक्कडला."

त्याने भिंतीवरच्या केबलच्या खोक्याकडे नजर टाकली. चारही दिवे हिरवे, एकही लुकलुकत नव्हता. खांबावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यातून काय कळायचं ते कळलं. मग तो बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिला, इतका वेळ की तिने पदराशी चाळा सुरू केला.

"खराब," तो शेवटी म्हणाला. शब्द अख्खा निघाला. "लाइन... खराब."

ती पडदा बंद करायला उठली, तर त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. सात वाजेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.