थापीचा हात

मिरवणूक तोंडावर आली आणि गवंडी संघटनेच्या अध्यक्षांना आता निशाणावरच्या चित्रातला हात खटकला. आधी आभाळ खटकलं होतं, मग परांचीचे बांबू, मग मिशा. पेंटरबाईने सगळं मुकाट्याने बदलून दिलं, कारण यंदाच्या निशाणावर भिंतीला गिलावा करणारा गवंडी म्हणून तिचे वडीलच होते. जिवंतपणी निशाणावर चढायचा मान फार थोड्यांना मिळतो. तेवढ्यासाठी ती डोक्यावर बर्फ ठेवून होती.

पण वडील डावखुरे. अध्यक्षांचं म्हणणं, थापी उजव्या हातातच हवी, नाहीतर बाकीच्या संघटना दात काढतील. तिने परोपरीने सांगितलं, दुसऱ्या कुणाचा हात वळत नाही असे कोपरे बाबांनीच केले, याच हाताने. अध्यक्षांनी जांभई दिली. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, निदान ती जांभई तरी देत नाही.

चरफडत तिने डाव्या हातातली थापी खरवडली आणि उजव्यात दिली. आता मागची बाजू रंगवायची होती. निशाणाचं कापड पातळ. उन्हात एका चित्राची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून मागची रेघ पुढच्या रेघेवरच धरायची असते. म्हणजे मागचं चित्र आरशातल्यासारखं उलटं, पुढे उजवा हात, तर मागे आपोआप डावा. मागे बघायला अध्यक्ष थोडेच येणार होते? तिने सगळा जीव तिथे ओतला. नखांतला चुना, वाकडी करंगळी, काही सोडलं नाही.

मिरवणुकीच्या दिवशी बाबा नवा सदरा घालून रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसले. निशाण समोरून आलं. त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. हा कोण म्हणे, असं पुटपुटले. तिने त्यांचा दंड धरला, जरा दम धरा, मागून बघा म्हणाली.

निशाण पुढे गेलं. बाबा बघत राहिले. मांडीवर त्यांची करंगळी हलली.

"हात माझाच आहे," ते म्हणाले. तिला हायसं वाटलं.

"सुरेख काढलायस. पण संघटनेवाल्यांनी मला आयुष्यभर मागेच ठेवलं गं. तू तरी पुढे काढायचंस."

वाजंत्री अगदी जवळ होती. ऐकू आलं नाही असं तिला म्हणता आलं असतं. पण आलं होतं.