मी शोभेची काठी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे आणि आधीच सांगते, वैतागलेली आहे. जुन्या वस्तूंनी गोड गोड बोलावं, गहिवरून आपली कहाणी सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल तर माझ्या जुन्या शेजाऱ्याकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे जा. ते बंद पडलेलं आहे, पण रडगाणं छान गातं.

माझा जन्म दूरच्या एका डोंगरावर, बांबूच्या बनात झाला. तिथून जहाजाने मी जर्मनीत आले. एका कारागिराने मला उभं चिरलं, माझ्या सहा पट्ट्या केल्या, त्या तासून तासून सारख्या केल्या आणि सरसाने चिकटवून मला पुन्हा अखंड केलं. रेशमी दोऱ्याने गळाची दोरी ओवायच्या कड्या बांधल्या, वर रोगण दिलं. या कामात त्याचे दोन महिने गेले. मला विकताना त्याने घेणाऱ्याला बजावलं होतं, "वापरून झाली की पुसा, सावलीत वाळवा, भिंतीला टेकवून ठेवू नका आणि शेकोटीजवळ तर मुळीच नेऊ नका." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्याशिवाय कुणीच लक्षात ठेवलं नाही.

मला घेणारे होते माझ्या आताच्या मालकीणबाई फ्राउ ब्रेमर यांचे वडील. ऱ्हाइनला मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी, गर्द जंगलात त्यांनी लाकडी लॉज बांधला होता. तिथे बस जात नाही आणि फोनला रेंज येत नाही. माणसं आठवडाभर येऊन राहायची, ट्राउट धरायची, संध्याकाळी तळून खायची. सगळे मलाच मागायचे. "काय हलकी आहे!" असं म्हणत मला बोटावर तोलून बघायचे. मी लवायचे, पण कधी मोडले नाही. ते माझे खरे दिवस होते.

मग कार्बनच्या काठ्या आल्या. त्यांना पुसावं लागत नाही, वाळवावं लागत नाही, त्यांचा लाडही करावा लागत नाही. वडील गेले आणि फ्राउ ब्रेमरबाईंनी त्यांच्या आठवणीसाठी मला भिंतीवर टांगलं. कुठे? बरोब्बर शेकोटीच्या वर! एका बाजूला हरणाची शिंगं, दुसऱ्या बाजूला ते रडकं घड्याळ. अठरा वर्षं मी तिथे शेकत होते. पाहुणे माझ्याखाली उभे राहून फोटो काढत आणि मला 'डेको', म्हणजे शोभेची वस्तू म्हणत. राग येणार नाही तर काय होईल!

माझी सुटका झाली ती हरीशच्या धांदरटपणामुळे. हरीश र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे. आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या डिकीचं दार हा त्याचा खास विषय. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तो बायकोला, नऊ वर्षांच्या मुलीला आणि वडिलांना घेऊन लॉजवर आला. उरलेलं सामान नंतर काढू म्हणून त्याने डिकीचं बटण दाबलं. त्याची नवीकोरी कार्बनची काठी वीतभर बाहेर राहिली होती. दार अगदी अलगद खाली आलं आणि कट् असा आवाज झाला.

"हरीश, डिकी हाच तुझा विषय ना?" त्याची बायको स्वरूपा म्हणाली.

 फ्राउ ब्रेमरबाईंनी शेकोटीकडे पाहिलं, स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

तुम्ही विचाराल, मला मराठी कशी येते? ज्याचा हात माझ्या मुठीवर पडतो त्याची भाषा मला येते. हरीशचा हात पडला आणि मला मराठी आली. तिच्याबरोबर त्याच्या मनातलंही कळलं, आणि तिथून माझ्या डोक्याला नवा ताप सुरू झाला.

त्याचे वडील आत्माराम देवगडकडचे, खाडीकाठच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले होते आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी परत जायचे होते. गुडघे आता विमानाच्या सीटवर साथ देत नाहीत, तेव्हा ही आपली शेवटचीच फेरी, असं त्यांनी येतानाच सांगून टाकलं होतं. हरीशला एकच हवं होतं. बाबा जायच्या आत त्यांनी आपल्याला मासा धरताना बघावं. त्यासाठी त्याने सहा शनिवार-रविवार वर्गात बसून परीक्षा दिली होती, कारण इथे परीक्षा दिल्याशिवाय आणि फिशरायशाइन म्हणजे परवाना हातात पडल्याशिवाय नदीत गळ टाकता येत नाही. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. माशाचे पर किती, पोटात काय असतं, सगळं तोंडपाठ! फक्त इथे आल्यापासून मासा तेवढा धरला नव्हता.

आणि ज्यांनी साठ वर्षं खाडीत मासे धरले, त्या आत्मारामांकडे कागद नव्हता.

"बाहेरदेशच्या पाहुण्यांना परवाना मिळतो की," फ्राउ ब्रेमरबाई जर्मनमध्ये म्हणाल्या. "पण अर्ज आधी करायचा असतो, राटहाउसमध्ये, नगरपालिकेच्या कचेरीत. तुम्ही केला नाहीत?"

हरीशने केला नव्हता. कुठे थांबायचं, काय खायचं, कुणी कुठे झोपायचं याचं त्याने एक्सेल केलं होतं. बाबांचा परवाना हा रकाना त्यात नव्हताच, कारण बाबा बघणार, मी धरणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. बाई पुढे म्हणाल्या, "जाळी धरायला त्यांना हरकत नाही. काठीला मात्र हात लावायचा नाही. आणि सॅल्मन लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडून द्यायचा. शंभर वर्षांनी परत आलाय तो या नदीत."

"मग तुमच्या साइटवर त्याचा एवढा मोठा फोटो कशाला?" हरीशने विचारलं.

"सुंदर आहे म्हणून," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. मित्रांनो, काय सांगू! हरीश काठावर उभा राहिला तो सूर्याकडे पाठ करून. त्याची लांबच लांब सावली थेट डोहावर, आणि त्या सावलीत माझी सावली चाबकासारखी फिरतेय. खालचे ट्राउट तेव्हाच दगडांखाली पसार झाले. त्यात हा मला असं झोडपत होता, जणू गोधडी वाळत घालून धूळ काढतोय. माझे सांधे करकरत होते.

आत्माराम मागे खुर्चीवर जाळी घेऊन बसले होते. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सगळं ओळखलं. ते म्हणाले, "हरीश, जरा खालच्या अंगाला येऊन..."

"बाबा, इथे वेगळं असतं," हरीश वळूनही न बघता म्हणाला. "ही खाडी नाही. मी परीक्षा दिलीय."

झालं! आत्मारामांनी तोंड मिटलं. तीन महिने ते हेच ऐकत होते. केळ्याचं साल कुठल्या डब्यात टाकायचं? बाबा, इथे वेगळं असतं. रस्ता रिकामा आहे, मग लाल दिव्याला का थांबायचं? बाबा, इथे वेगळं असतं. रविवारी खिळा का ठोकायचा नाही? तेच उत्तर. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना शिकवलं, तो लेकाच्या घरात पहिलीच्या वर्गातल्या मुलासारखा वावरत होता. पण म्हणून एवढंसुद्धा सांगू नये? मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे माणसा, तुझी सावली बघ! पण मला तोंड नाही. ज्यांना होतं ते मूग गिळून बसले होते.

नात ऊर्जा मराठी सगळं समजायची, पण बोलायची जर्मनमधूनच. "वारूम दार्फ आजोबा निश्त?" तिने विचारलं. आजोबांनी का नाही धरायची काठी?

"रेगेल आहे तशी, नियमच आहे, बाळा," हरीश म्हणाला.

"डास इस्ट उनफेअर," असं म्हणून ती आजोबांच्या शेजारी गवतात जाऊन बसली. त्या लॉजवर अक्कल असलेलं हे एकच माणूस होतं.

शुक्रवार फुकट गेला आणि त्याच्या पाठोपाठ शनिवारही. संध्याकाळी हरीशने मला ओलीच नेऊन भिंतीला टेकवलं आणि स्वतः फोनवर जुन्या उतरवून ठेवलेल्या व्हिडिओत आपलं कुठे चुकतंय ते शोधत बसला. ज्याला विचारायचं ते माणूस चार हातांवर बसून पेज पीत होतं. स्वरूपाने न राहवून म्हटलं, "अहो बाबा, तुम्ही तरी सांगा ना त्याला काहीतरी."

"त्याने परीक्षा दिलीय," आत्माराम म्हणाले आणि चमच्याने पेज ढवळत राहिले.

रविवारी दुपारी निघायचं होतं. सकाळी हरीशने तिसऱ्यांदा गळ झाडात अडकवला. हिसका मारून सोडवला, मला फेकून दिलं आणि दगडावर जाऊन बसला. मला, जिने कधी दगा दिला नाही तिला, पायवाटेवर भिरकावलं! मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तेवढ्यात दोन म्हातारे हात खाली आले आणि मला उचलून घेतलं.

"बाबा, धरू नका! कुणी बघितलं तर..."

"धरत नाहीये!" आत्माराम कडाडले. हेडमास्तरांचा आवाज होता तो, झाडावरचे पक्षी उडाले. "उचलून ठेवतोय. पायाखाली आली असती. एक काठी मी चुलीत घातली, दुसरी मोडलेली मला बघवणार नाही."

हरीश उठून उभा राहिला.  आत्मारामांची बोटं माझ्या सांध्यांवरून फिरत होती आणि त्या बोटांतून मला सगळं कळलं. बारा वर्षांचा हरीश स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी रोज खाडीवर पळायचा. त्याची स्वतः तोडून, तासून केलेली बांबूची काठी होती. एका संध्याकाळी वडिलांनी ती मोडून चुलीत घातली. मुलगा रडला नाही. अभ्यासाला बसला आणि पुढे अभ्यास करत करत जर्मनीपर्यंत गेला.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," हरीश म्हणाला.

"तू परत कधी मागितली नाहीस. मला वाटायचं, एकदा तरी मागशील."

"मला वाटायचं, तुम्ही द्याल."

बघा, मित्रांनो! तीस वर्षं दोन शहाणी माणसं या एवढ्याशा गोष्टीवर अडून बसली होती. मला राग आला होता, आणि खरं सांगते, भडभडूनही आलं होतं.

आत्मारामांनी मला हरीशच्या हातात दिलं. हरीशने मला नीट धरलं, नदीकडे पाहिलं आणि दोन दिवसांपूर्वी विचारायचं ते आता विचारलं.

"बाबा, माझं काय चुकतंय?"

"सावली," आत्माराम म्हणाले. "तुझी सावली माशाच्या डोक्यावर पडते. समोरच्या काठाला जा, ऊन तोंडावर घे. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, त्याच्या पाठीमागून ये. आणि मनगट सैल सोड. मारामारी करायला आलायस का?"

पुलावरून सगळे पलीकडे गेलो. हरीशने मला हलकेच उचललं. अठरा वर्षांनी कुणीतरी मला काठीसारखं वागवलं. पिसांची खोटी माशी पाण्यावर टेकली, दोन हात वाहत गेली आणि मी अशी वाकले, की माझं जुनं रोगण चरचरलं.

"ओढू नको!" जन्मभर शुद्ध बोलायला शिकवणारे हेडमास्तर एकदम मालवणीवर आले. "सोड रे, दोरी सोड! तुटतली मेल्या!"

"लास लोस, पापा! लास लोस!" ऊर्जा तेच जर्मनमधून किंचाळत होती.

आठ-दहा मिनिटं गेली. आत्माराम गुडघे विसरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी जाळी माशाखाली धरली. ट्राउट नव्हता. हातभर लांब, चांदीसारखा लखलखीत सॅल्मन होता तो. इतका देखणा मासा माझ्या गळाला कधी लागला नव्हता.

हरीशचा चेहरा पडला. साठ वर्षांत हातातला मासा न सोडलेल्या वडिलांना आता हे कसं सांगायचं? तो चाचरत म्हणाला, "बाबा, हा आपल्याला..."

आत्मारामांनी पाण्यातच माशाच्या तोंडातून गळ अलगद काढला. क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग लेकाकडे.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "इथे वेगळं असतं."

आणि त्यांनी जाळी खाली केली. मासा गेला. बाप-लेक कमरेत वाकून इतके हसले, की वर लॉजमधून स्वरूपा धावत आली. मी मात्र हसले नाही. अठरा वर्षांनी एक मासा लागला आणि तोही सोडला! पण तक्रार तरी कुणाकडे करणार?

निघण्याआधी आत्मारामांनी हरीशला मला पुसायला लावलं, सावलीत वाळवायला लावलं आणि शेकोटीकडे बोट दाखवून फ्राउ ब्रेमरबाईंना शुद्ध मराठीत झापलं. बाईंना एक शब्दही कळला नाही, पण अर्थ पोचला. तेव्हापासून मी थंड कोठीत, कापडी पिशवीत उभी टांगलेली असते.

एप्रिलमध्ये हरीश आणि ऊर्जा पुन्हा आले. हरीशने मला पिशवीतून काढलं आणि फ्राउ ब्रेमरबाईंना फोनवरचा एक फोटो दाखवला. देवगडच्या घराची पडवी, वर आडवी बांधलेली बांबूची एक लांब काठी आणि खाली उभे असलेले आत्माराम. परत गेल्यावर आठवड्याभरात त्यांनी ती स्वतः तोडून आणली होती. चांगली वाळायला सावलीत वर्षभर ठेवावी लागते. हरीश आणि ऊर्जा दिवाळीत तिथे जातील तोवर ती तयार असेल.

मित्रांनो, ती माझी धाकटी बहीण आहे असं समजा. तिला ओली ठेवू नका, पायवाटेवर टाकू नका, चुलीजवळ नेऊ नका. आणि काही अडलं तर पडवीतल्या म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा. त्याला सगळं येतं, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.