फिलिपाची फांदी आणि हिरवा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. ऑर्ल्टन हाऊसच्या मागे उंच विटांच्या भिंतीची जी बाग आहे ना, तिचा हिरवा दरवाजा. आत जायला दुसरी वाट नाही. म्हणजे आत गेलेला प्रत्येक माणूस माझ्यासमोरून गेलाय, आणि खरं सांगतो, त्यातल्या एकावरही माझा पहिल्या भेटीत विश्वास बसलेला नाही.

माझा जन्म याच इस्टेटीतल्या एका ओक झाडाच्या लाकडातून झाला. घरच्या सुताराने मला घडवलं, बिजागऱ्या घरच्याच लोहाराने ठोकल्या. तेव्हापासून दर पाच वर्षांनी मला तोच हिरवा रंग मिळतो. कुटुंब होतं तोवर आतल्या पीचच्या फळांवर डोळा ठेवणारी पोरं अडवणं एवढंच माझं काम होतं. मग शेवटचे मालक गेले, घर जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेकडे आलं आणि तिकीट काढून लोक यायला लागले.

हे लोक आल्या आल्या विचारतात, चहा कुठे मिळतो. मग विचारतात, टॉयलेट कुठे आहे. त्यानंतर इतिहास. मला धक्का लागला तर मलाच ‘सॉरी’ म्हणतात. इतकं गोड वागणाऱ्यांवर तर मी दुप्पट नजर ठेवतो.

माझ्या आतल्या बाजूला, डावीकडच्या भिंतीवर फिलिपा होती. फिलिपा म्हणजे गुलाब. घराण्यातल्या थोरल्या मुलीचं नाव त्याला दिलेलं. सायीच्या रंगाचं फूल, कडेला जरासं गुलाबी. कुटुंबाच्या काळातल्या माळ्याने तो इथेच तयार केला आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. तिच्या फांद्या माझ्या कपाळावर आल्या होत्या. जूनमध्ये पाकळ्या माझ्या उंबऱ्यावर पडायच्या. मला ती फार आवडायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता इथल्या लोकांची एक खोड सांगतो. चांदीचा चमचा समोर पडला असेल तर ही माणसं धावत जाऊन परत देतील. पण बागेतली बोटभर फांदी घरी लावायला म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकणं, ही त्यांच्या लेखी चोरीच नव्हे! आजीबाई, पाद्री, शाळामास्तर, सगळे यात तरबेज.

माझा संशय डोरीनवर होता. डोरीन हॅथवे, गावातल्या बेकरीतून निवृत्त झालेली बाई. दर गुरुवारी यायची, खांद्याला ही भलीमोठी पिशवी. इतर बाग बघायची नाही, सरळ फिलिपासमोरच्या बाकावर अर्धा तास बसायची. कोण बसतं असं? ती आली की मी मुद्दाम करकरायचो. माझ्या करकरण्यानेच हिलरीचं लक्ष तिच्याकडे गेलं.

हिलरी ब्रॅकन म्हणजे इथली स्वयंसेवक. छातीवर बिल्ला, हातात माझी किल्ली. सकाळी मला उघडायची, पाच वाजता बंद करायची. पाहुण्यांवर तिचं लक्ष असायचं. तिच्यावर कोणाचं असणार?

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी म्हातारा माळी टॅपली फिलिपापाशी थबकला. एक फांदी कापलेली होती, ताजी, तिरकी, व्यवस्थित. त्याने हिलरीला दाखवली. तेवढ्यात बाकावरची डोरीन उठून जायला निघाली. मी करकरलो.

“बाई, जरा पिशवी दाखवता का?” हिलरी म्हणाली. “आम्ही सगळ्यांचीच बघतो.”

“सगळ्यांची? आत्ता तो टोपीवाला गेला, त्याची नाही बघितलीत.”

“त्याची पिशवी एवढी मोठी नव्हती.”

“म्हणजे मोठी पिशवी हाच गुन्हा का?” डोरीनचा चेहरा लाल झाला. “माझ्या फ्लॅटला कुंडी ठेवायला खिडकीची कड नाही. मी फांदी नेऊन काय करू, चहात घालू?”

“मग दाखवायला काय हरकत आहे?”

“हरकत आहे. मी नाही दाखवणार.”

ती निघून गेली आणि पुन्हा आली नाही. टॅपली खाली मान घालून उभा राहिला. चोर पकडला म्हणून मी मात्र खूश होतो.

पुढच्या वर्षी फिलिपाच्या मुळांना बुरशी लागली. टॅपलीने कितीतरी फांद्या लावून पाहिल्या, एकीलाही मूळ फुटलं नाही. या वसंतात तिला पानच आलं नाही. संस्थेच्या कचेरीतून निरोप आला, शरदात तिथे नर्सरीतला लाल गुलाब लावू. टॅपली सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार होता. फिलिपा आपल्या हातून गेली, हे त्याला सहन होत नव्हतं. मलाही नव्हतं.

मे महिन्यात त्याने स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहिला आणि माझ्या छातीवर टाचला: ‘ज्यांनी फिलिपाची फांदी नेली असेल, त्यांनी कृपया एक परत आणून द्यावी. कोणी काही विचारणार नाही. चहा मिळेल.’

जन्मात पहिल्यांदा मी चोराची वाट पाहिली. लोक कागद वाचायचे, हसायचे, फोटो काढायचे. दहा दिवस गेले. डोरीनच्या दाराशी जाऊन करकरावं, असं मला वाटायचं.

अकराव्या दिवशी सकाळी, पाहुण्यांसाठी फाटक उघडायच्या आधी, कोणीतरी पाय घासत आलं. हातात कुंडी, कुंडीत फिलिपा. सायीच्या रंगाची एक कळीसुद्धा. कुंडीच्या वर बिल्ला होता.

हिलरी!

टॅपली तेवढ्यात कामावर आला आणि कुंडीपुढे वाकला. हिलरी रडायला लागली. “एकच घेतली होती हो. कुलूप लावताना. मला वाटलं, एवढ्या मोठ्या झाडाला काय कळणार?”

“कधी?”

“डोरीनची पिशवी मागितली ना... त्याच्या आदल्या संध्याकाळी.”

“विचारणार नाही म्हणून लिहिलं होतं, तरी विचारलं. चुकलं माझं,” टॅपली म्हणाला. “चहा घ्या. आणि मग डोरीनला फोन करा. तो तुम्हीच करायचा.”

गुरुवारी डोरीन आली. खांद्याला तीच पिशवी. हिलरीने काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि माफी मागितली. टॅपलीने आजारी माती सोडून माझ्या उजव्या अंगाला खड्डा खणला होता. त्याने कुंडी डोरीनच्या हातात दिली.

“माझे गुडघे गेलेत,” ती म्हणाली. “ही लावेल. मी सांगते कशी ते.”

हिलरी ओल्या मातीत गुडघे टेकायला लागली, तशी डोरीनने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि पिशवीचं तोंड सताड उघडलं. थर्मास, अंड्याचं सँडविच, रेनकोट आणि ओल्या बाकावर बसायची एक जुनी उशी. तिने उशी काढून पुढे केली.

“घ्या गुडघ्याखाली. आणि आत काय आहे ते एकदाचं बघून घ्या.”

आता फिलिपा माझ्या कडीपर्यंत आली आहे. कपाळापर्यंत यायला तिला अजून दोन उन्हाळे लागतील. टॅपली निवृत्त झालाय, तरी कात्री घेऊन येतोच. माझा स्वभाव काही गेला नाही. तुम्ही आलात तर तुमच्यावरही मी नजर ठेवणार, आणि तुम्ही बिल्ला लावून आलात तर जरा जास्तच.

हिलरीने माफी मागितली, माझ्याकडून मागायची राहून गेली. मला ‘सॉरी’ म्हणता येत नाही. दर गुरुवारी डोरीन येते तेव्हा मी आवाज न करता, भिंतीला पाठ टेकेपर्यंत उघडतो.