ज्या वर्षी मी उडालो नाही

मी एक जुना, पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. भट्टीतून निघालो, अंगाला पितळी पट्ट्या लागल्या आणि मधे एक बारीक तार ओढली गेली. भिंतीतल्या वायरला झेपणार नाही इतकी वीज आली, की त्या तारेने वितळून वाट बंद करायची, एवढंच माझं काम. पण ते मला मनापासून आवडे.

मी ज्या घरी लागलो तिथल्या वहिनी शाळेचे गणवेश शिवत. इस्त्री चालू असताना कुणी पाण्याचा हीटर लावला, की मी उडे. मग सारं घर माझ्या नावाने खडे फोडी. "मेला पुन्हा उडाला! ऐन कामाच्या वेळी याची नाटकं," वहिनी करवादत.

एकदा त्यांच्या धाकट्या दिराने, म्हणजे भावजींनी, माझी बारीक तार काढून तांब्याचे चार पदर पिळून घातले. "बघा वहिनी, आता बापजन्मात उडणार नाही!" खरंच, वर्षभर मी उडालो नाही. भावजी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी कीर्ती सांगत. आयुष्यातलं सगळं कौतुक मला त्याच वर्षी मिळालं आणि त्याच वर्षी मी काडीचं काम केलं नाही. इस्त्री आणि हीटर एकदम चालत, भिंतीतली वायर तापे. त्या भिंतीला लागूनच वहिनींची तान्ही लेक निजे. माझा जीव टांगणीला लागे, पण वितळायचं म्हटलं तरी वितळता येईना.

एका दुपारी वहिनींनी भिंतीशी रचलेले गणवेश उचलले आणि थबकल्या. "भावजी, अजून इस्त्री फिरवली नाही, मग कापड गरम कसं?"

भावजींनी भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. वहिनींनी आधी लेकीला उचललं, मग मेन स्विच बंद केला.

वायरमन आला. मला उपसून त्याने ते चार पदर पाहिले. "अहो, राखणदाराचेच हातपाय बांधलेत की तुम्ही! मोठा फ्यूज म्हणजे चांगला फ्यूज नव्हे. वायरला झेपेल तेवढाच लावायचा."

"मग इस्त्री आणि हीटरचं काय?" वहिनींनी विचारलं.

"त्यांना दोन जाड वायरी वेगळ्या ओढतो ताई, प्रत्येकीवर सोळा अँपिअरचा ब्रेकर, म्हणजे जास्त वीज आली की आपोआप पडणारा खटका. दिव्या-पंख्यांना सहाचा पुरे."

मला टाकून द्यायचं ठरलं होतं, पण वहिनींनी पुसून ठेवून घेतलं. आता मी त्यांच्या कापडकामाच्या कागदी नमुन्यांवर वजन म्हणून बसतो. जागा उजेडाची आहे आणि वाऱ्याला मी एकही कागद उडवू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचा ब्रेकर पडला तर त्याच्यावर चिडू नका. तो का पडला, ते आधी मोठ्यांना बघायला सांगा.

परवा भिंतीवर 'टक्' झालं. हीटर बिघडला होता. भावजी खटका वर करायला धावले.

"थांबा भावजी! आधी हीटरची पिन काढा. ब्रेकर उगाच नाही पडला."

मग मला हातात घेऊन वहिनी हळूच म्हणाल्या, "तूसुद्धा कधी उगाच उडाला नव्हतास."

एवढं ऐकायला मी आणखी कितीही वर्षं वाट पाहिली असती.