जागच्या जागी

"पेटी कोणं उघडी टाकली?" असं पुटपुटत लहानू मेश्रामांनी टेबलावरचा तिसरा चिठोराही त्याच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि चावी खिळ्याला अडकवली. कुणी ऐकलं नाही. मुलगा धम्मदीप, सून प्रियंका आणि नात प्रणोती चौथ्या पेटीला भिडले होते.

गोरखपूरच्या बाजारात ही नवी सोय निघाली होती: पैसे देऊन कोंडून घ्यायचं आणि तासाभरात कोडी सोडवून सुटायचं. 'नवशिक्यांसाठी सोपी', असं बाहेर लिहिलेलं.

लहानूंनी फॅक्टरीत एकतीस वर्षं चाव्यांच्या खिडकीवर काढली. सकाळी सही घेऊन चावी द्यायची, संध्याकाळी परत घेऊन खिळ्याला लावायची. गेल्या महिन्यात मात्र दोनदा घराची चावी आतच राहिली आणि दार ओढलं गेलं. शेजारच्या पार्वताबाईंनी पुण्याला फोन केला. धम्मदीप न्यायलाच आला.

"मले काही झालं नाही. मी इथंच राहतो," लहानू म्हणाले.

"चला, या खोलीतून निघालो तर राहा," आज आत शिरताना धम्मदीप हसत म्हणाला. त्यानं ती गंमत केली होती. लहानूंनी ती लेखी आदेशासारखी जपून ठेवली.

खेळ सुरू झाल्यावर पहिली चावी कुंडीखालून त्यांनीच काढली होती, तीही दोन मिनिटांत.

"आबा तर चॅम्पियन निघाले," प्रणोती म्हणाली. लहानूंनी मनातल्या मनात घराला नवा रंगही देऊन टाकला.

दाराशी पोचल्यावर कळलं, की चारही पेट्यांतले चिठोरे जुळवले तरच दाराचा आकडा मिळतो.

"तीन चिठोरे इथंच होते ना?" प्रियंकानं टेबल चाचपलं.

"जागच्या जागी ठेवले," लहानू म्हणाले. "कुलूपही लावलं."

"बाबा, काहून?"

"उघडं सोडून जाते का कोणी?"

कोणती चावी कोणत्या पेटीची, हे लहानूंना पाठ होतं. दोन पेट्या उघडल्या, तिसरीत चावी फिरत असतानाच वेळ संपल्याची घंटा वाजली. लहानूंनी उघडलेल्या पेट्या लगेच पुन्हा लावून चाव्या खिळ्याला अडकवल्या.

बाहेरून दार उघडणारी मुलगी खोली बघतच राहिली. "दादाजी, सब वापस जमा दिया? हमको बीस मिनट लगते हैं. यहाँ नौकरी करोगे?"

कधीपासून यायचं, हे लहानूंच्या ओठांवर आलं होतं. पण धम्मदीप हसत नव्हता. तो त्यांच्याकडे डॉक्टरसारखा पाहत होता.

"मी विसरलो नाही रे," लहानू म्हणाले. "विसरलो असतो तर उघडं राहिलं असतं."

"हो बाबा," धम्मदीप म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की लहानू खिळ्यांवरच्या चाव्या मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी सामान रिक्षात गेलं. लहानूंनी घराला कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि चावी धम्मदीपच्या हातात दिली. मग सवयीनं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून त्याच्यापुढे धरलं.

धम्मदीपनं पेन घेतलं, टोपण लावलं आणि चावीसोबत स्वतःच्या खिशात टाकलं.

"चला बाबा, गाडी सुटेल."