साईटवरचा लाल दोरा

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

मी एक जुनं कंपाउंड धनुष्य आहे. पनवेलजवळच्या कोन गावात काशिरामदादांच्या घरी माझा मुक्काम. माझ्या दोन्ही टोकांना चाकं आहेत, दोरीत मुगाएवढं भोक आहे आणि पुढे साईट, म्हणजे मधोमध ठिपका असलेलं भिंग. दोरी गालाला लावायची, भोकातून तो ठिपका बघायचा, ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळावर टेकवायचा आणि बाण सोडायचा. पण प्रत्येकाचा गाल वेगळा, डोळा वेगळा. म्हणून साईट ज्याची त्याने बसवून घ्यावी लागते.

माझी साईट बसवली दादांच्या थोरल्या लेकीने, किशोरीने. बाण मारायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा मारायचा. दोन महिने लागले. मग कीर्तनात टाळावर टाळ पडावा तसे तिचे बाण पिवळ्यात पडू लागले. आणि त्याच वर्षी भाद्रपदात, पाच दिवसांच्या तापात, किशोरी गेली.

खंडेनवमीला दादांनी मला देवांशेजारी पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि साईटच्या स्क्रूवर लाल दोरा घट्ट गुंडाळला. "ही माज्या पोरीची नजर हाय," ते म्हणाले. "कोनी हलवायची नाय."

दोन वर्षांनी धाकट्या निशाने मला हाती घेतलं. मैदानावर तिचा पहिला बाण डावीकडे, लक्ष्याच्या बाहेरच्या निळ्या कडेला गेला. दुसरा तिथेच. दहावाही तिथेच. मित्रांनो, तिने दोरी ओढली की मला दोन गाल जाणवत. एक ऊबदार आणि एक गार. एकाच भोकातून दोघी बघत होत्या.

"काय गं निशा," सोबतचा प्रितम हसला, "निळ्याशी सोयरीक जुळवलीस काय?"

शिकवणारे दयाराम सर मात्र हसले नाहीत. "बाण डावीकडं जातायत ना? मग साईट डावीकडंच सरकव. बाणाच्या मागं जायचं असतं."

"नको सर. ताईची खूण पुसली जाईल."

ती मान वाकडी करून नेम धरू लागली. बाण सैरावैरा झाले. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची निवड होती, चौघींनाच घेणार होते. संध्याकाळी काशिरामदादा तिला न्यायला आले, तेव्हा सर हळूच म्हणाले, "दादा, पोरीचा हात चांगलाय. पण ती दुसरीच्या डोळ्यानं बघते."

दादांनी मला हातात घेतलं. मग त्यांनी नखाने माझा दोरा सोडवला. दोन वर्षांचं कुंकू झरझर खाली पडलं. बाण डावीकडे जातो म्हणून त्यांनी साईट उजवीकडे फिरवली. निशाने बाण सोडला, तो लक्ष्याला शिवलाही नाही.

"आरं देवा, उलटंच झालं!"

"बाणाच्या मागं, दादा," सर म्हणाले.

दादांनी स्क्रू फिरवायची चावी निशाच्या हाती दिली. "तूच फिरव, बाय. तुजा डोला तुलाच ठाव."

निशाने स्क्रू डावीकडे फिरवला. चार बाण गेले, चार वेळा केसभर सरकवलं. पाचवा पिवळ्यात बसला. त्या क्षणी माझ्या दोरीवरचा गार गाल अलगद बाजूला झाला. कुणी ढकललं नाही. जागा करून देतात ना, तसा.

दुसऱ्या दिवशी निवडीत निशा चौथी आली, जिल्ह्याच्या चौघींत बसली. घरी आल्यावर ती आणि दादा माझ्यासमोर बसून पोटभर रडले. असं रडणं त्या घरात दोन वर्षांत झालंच नव्हतं.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू बांधून ठेवू नका. ती वापरा, पुसा, आपल्या हाताला बसवून घ्या. अजूनही दिवेलागणीला वाटतं, कुणीतरी माझ्या भोकातून बघतंय. आता त्याला नेमाची घाई नाही. तुम्ही कधी धनुष्य ओढलंत, तर बाण सोडण्याआधी एक श्वास थांबा आणि कोनच्या किशोरीची आठवण काढा.