एकोणीस दसऱ्यांचा रंग

माझ्या अंगावर एकोणीस दसऱ्यांचे रंग आहेत, मित्रांनो. मी एक जुनी मशीन आहे. दौंड तालुक्यात, राहू गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून महिलांची एक दूध संस्था आहे. तिथे मी दूध थंड करते. सगळे मला चिलर म्हणतात. फक्त मीरासाहेब मला बाई म्हणतात. मी आले त्या दिवसापासून मला चालवणारे तेच.

तेव्हा माझ्या पोटात पातळ पोलादाचे एकसष्ट पत्रे होते. पत्र्याच्या या अंगाने ताजे कोमट दूध जायचे आणि त्या अंगाने गार पाणी. दोघे एकमेकांना कधी शिवत नसत, पण दुधाची ऊब पाणी काढून न्यायचे. पहिल्या दिवशी माझ्यातून निघालेल्या दुधात थर्मामीटर बुडवला, तर चार अंश भरले. बायकांनी ते दूध वाटीत घेतले आणि वाटी गालाला लावून पाहिली. ती वाटी मला अजून आठवते. पितळेची होती, काठाला चेपलेली.

दर खंडेनवमीला मीरासाहेब मला घासूनपुसून रंग देत. एका वर्षी हिरवा, पुढच्या वर्षी निळा. मग बायका हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत. त्या रंगाखाली माझ्या पोटावरची छोटी पाटी बुजत गेली. माझे पत्रे किती, मी तासाला किती दूध थंड करते, सगळे तिच्यावर कोरलेले होते. कुणाला ते खटकले नाही. खरे सांगते, मलाही नाही. नटणे कुणाला आवडत नाही?

पुढे दूध वाढले. आज दोनशे बारा बायका इथे दूध घालतात. माझी रबरे झिजली. पत्र्याला भोक पडले की मीरासाहेब जोडीने पत्रे काढत आणि बोल्ट फिरवून मला पुन्हा आवळत. माझ्यातून निघणारे दूध आधी सहा अंशांवर गेले, मग आठवर, आणि या पावसाळ्यात अकरावर. एका आठवड्यात तीन टँकर नासून परत आले. ते दूध संस्थेमागच्या ओढ्यात ओतले. दगडाबाई, आमच्याकडे सगळ्यात आधीपासून दूध घालणाऱ्या आजी, पदर तोंडाला लावून काठावर बसून राहिल्या. मी खिडकीतून पाहत होते.

दूध घेणाऱ्या शहरातल्या डेअरीचा निरोप आला. शुक्रवारी चारपर्यंत नव्या मशीनचे कोटेशन दाखवा, तर महिनाभर दूध साचू न देता टँकरच्या रोज दोन फेऱ्या करून निभावून नेऊ. नाहीतर तुमचे दूध बंद.

गुरुवारी संस्थेच्या अध्यक्ष सुलक्षणाताईंनी मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, असा तोंडी रेट नाही देता येत," पलीकडचा माणूस म्हणाला. "फॉर्म पाठवलाय. तासाला दूध किती, आत किती डिग्रीला येतं, बाहेर किती पाहिजे, गार पाणी किती डिग्रीचं, ते भरा. जुन्या मशीनच्या पाटीवर बघा की."

"मामा, पाटी कुठंय?" ताईंनी विचारले.

मीरासाहेबांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. "हितंच व्हती, ताई. म्याच रंगवली."

"किती वेळा?"

"येकोणीस."

थिनर आणि पात्याने ते खरवडत बसले. निळा गेला, हिरवा आला, पुन्हा निळा. दिवस कलल्यावर अक्षरे दिसली. तासाला तीन हजार लिटर. ताईंनी सुस्कारा सोडला आणि फॉर्ममध्ये तीन हजार लिहिले.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. तो आकडा माझ्या तरुणपणाचा होता. त्यावर बेतलेली मशीन आली, तर ती पहिल्याच सकाळी धापा टाकेल. मग दूध पुन्हा ओढ्यात. पण मला तोंड नाही. मी नुसती गळत राहिले.

शुक्रवारी सकाळी दूध सुरू असताना ताई फॉर्म पाठवायला बसल्या. दगडाबाई कॅन टेकवून डोकावल्या.

"काय लिव्हलंय गं?"

"तासाला तीन हजार लिटर, आत्या."

"कवाचं? तवा माझी येक म्हस व्हती. आता पाच हायेत. आन् ह्या समद्या बाया काय ताक घालाया येत्यात व्हय?"

बायका हसल्या. मीरासाहेब हसले नाहीत. "खरं हाय. पाटी बाईच्या लग्नातली हाय, ताई. आज बाई काय करती, ते मोजू."

त्यांनी माझ्या नळीखाली चाळीस लिटरचा कॅन लावला. ताईंनी मोबाइलवर वेळ धरली. एकोणतीस सेकंद. पुन्हा लावला, पुन्हा एकोणतीस. म्हणजे तासाला जवळपास पाच हजार लिटर. इतकी वर्षे मीरासाहेब नळीला तळहात लावून "बाई ठीक हाय" एवढेच सांगत. आज त्यांनी थर्मामीटर घेतला. आत येताना चौतीस. बाहेर अकरा, पाहिजे चार. गार पाणी दोन.

"आणि पत्रे एकसष्टच ना?" ताईंनी विचारले.

"सत्तेचाळीस. चौदा काढलं."

"कधी?"

"कुटं लिव्हलं न्हाई, ताई." त्यांची मान खाली गेली.

साडेनऊला फॉर्म गेला. त्यानंतर कुणी जेवले नाही. तीन चाळीसला कोटेशन आले. ताईंनी ते तसेच डेअरीला पाठवले आणि महिनाभराची मुदत मिळाली. मग त्यांनी कोटेशनची शेवटची ओळ वाचली. मशीन यायला आठ आठवडे लागणार होते.

मीरासाहेबांनी पाना घेतला आणि मला अर्धा फेरा आवळले. "बाई," ते हळूच म्हणाले, "येवढं दोन म्हैनं काढ. म्हैना सरल्यावर म्या सोता डेअरीत जाऊन हात जोडतो."

मित्रांनो, मी किती दिवस टिकेन, ते मला ठाऊक नाही. नवी येईल तिला हार घाला, हळदकुंकू वाहा. पण तिची पाटी उघडी ठेवा. ती रोज काय करते, तिच्यातून काय काढले, काय घातले, ते भिंतीवर लिहीत जा. तिलाही तोंड नसेल. आणि या खंडेनवमीला माझ्याकडे रंगाचा डबा आणू नका. मीरासाहेबांनी पुन्हा पाना लावला, की आवळायला माझ्या बोल्टवर आता दोनच आटे, म्हणजे दोनच फेरे, उरले आहेत. उद्या पहाटे पाच वाजता दूध येईल.